फायटर माशाचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो तेव्हा : खान्देशातील पाणी, ऊन आणि उपचार

फायटर मासा आजारी पडतो, आपण दुकानातून निळे औषध आणतो, चार-पाच दिवसांत मासा सावरतो आणि तीन आठवडे होत नाहीत तोच त्याचे पंख पुन्हा कुरतडल्यासारखे दिसू लागतात. जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत बेट्टा (फायटर माशाचेच दुसरे नाव) पाळणाऱ्या ज्या घरांशी माझा परिचय झाला, त्यांपैकी बहुतेकांची तक्रार हीच आहे. माझ्या घरी एकाच वर्षात हे चार वेळा घडले. आधी मी औषधाला दोष दिला, नंतर माशाच्या जातीला. पाचव्यांदा पंख गळू लागले तेव्हा मात्र औषध बाजूला ठेवले आणि एक वही केली. रोज पहाटे पाच वाजता आणि दुपारी तीन वाजता पाण्याचे तापमान, पाणी कधी व कोठले बदलले, फिल्टर किती वेळ बंद राहिला, किती दाणे खायला घातले, एवढेच त्या वहीत लिहीत गेलो. दीड महिन्यात त्या नोंदींनी जे दाखवले, ते कोणत्याही बाटलीवर छापलेले नव्हते. माझा मासा बरा होत होता, पण टाकी आजारीच राहत होती, आणि तिला अधिक आजारी करण्यात माझ्या औषधाचाही वाटा होता.

हे कसे घडते, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर व खड्यांवर राहणारे उपयुक्त जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशाला विषारी आहेत, तर तिसरा तो थोड्या प्रमाणात सोसतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आपण थेट टाकीत ओततो तेव्हा रोगजंतूंबरोबर हे उपयुक्त जिवाणूही मरतात. माशाच्या अंगावरची बुरशी जाते, तो ताजातवाना दिसतो, आपण निर्धास्त होतो, आणि त्याच वेळी पाण्यात अमोनिया साचत जातो. पंधरा-वीस दिवसांनी कल्ले आणि पंख त्या अमोनियाने भाजतात, भाजलेल्या जागी पाण्यात नेहमीच असणारे जंतू शिरतात आणि आपण पुन्हा निळे औषध आणतो. माझ्या घरचे चारही ‘आजार’ असेच एकमेकांच्या पोटातून निघाले होते, असे आज मला वाटते. म्हणून पहिली सूचना हीच की औषध द्यायचे असेल तर माशाला वेगळ्या डब्यात घेऊन द्यावे, मुख्य टाकीत नाही.

औषधाआधी पाणी तपासावे

माशात काही वावगे दिसले की पहिल्या तासात करायचे काम म्हणजे पाण्याची तपासणी. थेंबांचे टेस्ट किट थोडे महाग पडते, पण औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते सांगणारा आकडा) ६.५ ते ७.५ असल्यास उत्तम. मात्र पीएच ८ वर स्थिर असेल तर बेट्टा तेही सहन करतो. त्याला त्रास होतो तो बदलाचा. एखाद्या दिवशी ७ आणि दुसऱ्या दिवशी ८.२, असे हेलकावे त्याला मानवत नाहीत.

पीएचचा आणि अमोनियाचा एक संबंध आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. पाण्यातील सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो, त्यातील ठरावीक अंशच कल्ल्यांतून आत शिरून विषबाधा करतो. पाणी २५ अंश सेल्सिअस आणि पीएच ७ असताना हा अंश एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो आणि त्याच पीएचला पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे कोकणातल्या मऊ पाण्यात जेवढा अमोनिया मासा निभावून नेईल, तेवढाच अमोनिया आमच्या बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त आणि चढ्या पीएचच्या पाण्यात, एप्रिलच्या उन्हात, दहापटीने घातक ठरतो. पुण्या-मुंबईचे मित्र ‘आमच्याकडे तर बाऊलमध्येही राहतो’ असे सांगतात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

तपासणीत अमोनिया किंवा नायट्राइट सापडला, तर त्याच दिवशी पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावे आणि आकडे शून्यावर येईपर्यंत रोज बदलत राहावे. खाणे निम्म्यावर आणावे. पंखांची सुरुवातीची झीज पुष्कळदा एवढ्यानेच थांबते, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

नळाचे पाणी, बोअरचे पाणी, उडून जाणारे पाणी

आपल्या बहुतेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते येईल त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरली जातात. टाकीचे पाणीही त्याच दिवशी बदलण्याची सवय असते. नेमके त्या दिवशीचे पाणी क्लोरीनने ताजे भरलेले असते. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. उघड्या बादलीत पाणी चोवीस तास मुरवले की साधा क्लोरीन बहुतांशी उडून जातो, पण झाकलेल्या ड्रममध्ये किंवा जमिनीखालच्या बंद हौदात तो इतक्या लवकर उडत नाही, हे ध्यानात येत नाही. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणात घालावेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला तापीचे व गिरणेचे पाणी गढूळ होते तेव्हा शुद्धीकरणाची मात्रा वाढते, म्हणून आषाढात हे थेंब मी न चुकता वापरतो. घरी तुरटी फिरवलेले किंवा जंतुनाशक थेंब टाकलेले पाणी मात्र टाकीत कधीही घालू नये. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले मे महिन्यातील दुपारचे पाणी हाताला चटका देणारे असते, ते गार होऊ दिल्याशिवाय वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

बोअरच्या पाण्याची अडचण निराळी आहे. त्यात क्लोरीन नसतो, पण जमिनीखालून आल्यामुळे प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळलेला असतो. ते हवेत राहिले की पीएच वर चढतो. म्हणून तेही बादलीत हवेचा पंप लावून एक दिवस ठेवावे, म्हणजे जो बदल व्हायचा तो बादलीतच होऊन जातो. काळ्या खडकातील पाणी जड असते, नळाच्या तोटीवर साचणारा पांढरा थर त्याचीच साक्ष देतो. त्याशिवाय केळी-कपाशीच्या पट्ट्यात विहिरी व बोअरच्या पाण्यात खतांतून उतरलेले नायट्रेट मुळातच असू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पिण्यास योग्य ठरलेले पाणीसुद्धा माशाच्या टाकीसाठी जास्तच भरू शकते, आणि अशा पाण्याने कितीही वेळा टाकी बदलली तरी नायट्रेट उतरत नाही. रावेर-यावलकडच्या वाचकांनी एकदा बादलीतले कोरे पाणी किटने तपासून पाहावे. आकडा मोठा निघाला तर निम्मे आरओचे आणि निम्मे बोअरचे असे मिश्रण करावे, पण एका झटक्यात नव्हे, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात माशाला लागणारे क्षार उरत नाहीत आणि पीएच कशावरच टिकत नाही.

उन्हाळ्यातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बाष्पीभवन. आमच्या कोरड्या हवेत उघड्या लहान टाकीतले पाणी एका आठवड्यात बोटभर तरी खाली जाते. फक्त पाणी उडते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. त्या जागी आपण पुन्हा बोअरचेच पाणी भरतो आणि टाकी दर आठवड्याला अधिक जड होत जाते. माझा नियम साधा आहे : उडालेले पाणी भरायचे असेल तर आरओचे, आणि पाणी काढून बदलायचे असेल तर नेहमीचे मुरवलेले.

दिवस-रात्रीचा फरक

बेट्टा हा मूळचा थायलंडचा मासा आहे आणि २०१९ मध्ये त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. तिथल्या भातशेतीच्या उथळ, उबदार पाण्यात तो वाढतो. उथळ म्हणजे डबके नव्हे, ते पाणी एकरच्या एकर पसरलेले असते, एवढा भेद केला असता तर बाऊल विकणाऱ्यांचा धंदा कधीच बसला असता. त्याला २४ ते २८ अंश तापमान मानवते आणि दिवस-रात्रीतील फरक दोन अंशांहून अधिक नसावा.

माझ्या वहीतील जानेवारीच्या पानावर पहाटेचे १९ आणि दुपारचे २७ असे आकडे सलग नऊ दिवस आहेत. टाकी पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून होती आणि दुपारी पाहून ‘पाणी कोमट आहे’ असे मी समाधान करून घेत होतो. खान्देशात हिवाळ्याची दुपार फसवते. धुळ्यात पारा कित्येक हिवाळ्यांत आठ अंशांच्या खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी माणसे सदऱ्यावर फिरत असतात. रोज आठ अंशांचा झोका सोसणाऱ्या माशाची रोगप्रतिकारशक्ती खचते, पचन मंदावते, आणि मग कोणताही जंतू पुरेसा होतो. उपाय म्हणजे थर्मोस्टॅट असलेला लहान हीटर, वीस लिटरच्या टाकीला २५ ते ५० वॉटचा, आणि वर झाकण. बेट्टा कल्ल्यांबरोबरच पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे झाकणाखाली दोन-तीन बोटे मोकळी हवा राहू द्यावी. टाकी आतल्या भिंतीकडे सरकवल्यावर, हीटर लावण्यापूर्वीच, माझ्याकडचा फरक निम्म्याने कमी झाला.

उन्हाळ्यात उलट प्रश्न येतो. भुसावळ-जळगावला बाहेर ४५ अंश असताना खोलीतले पाणी सहज ३३-३४ वर जाते. मासा पृष्ठभागावर येऊन वरवर श्वास घेतो, खाण्यासाठी हावरटपणा करतो आणि पाणी लवकर घाण होते. बर्फाचे खडे टाकू नयेत, कारण अर्ध्या तासात पाच अंश उतरणे हा उन्हापेक्षा मोठा आघात आहे. टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावावा आणि बाहेरून ओले फडके गुंडाळावे. माठ ज्या तत्त्वावर गार होतो त्याच तत्त्वावर कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंश खाली येते. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही, पण तोवर गरजही उरत नाही.

वीज जाण्याचा विचारही येथेच करायला हवा. फिल्टर चार-सहा तास बंद राहिला तर त्यातील जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि उन्हाळ्यात ते लवकर मरू लागतात. टाकीतच राहणारा, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर यात बरा, कारण त्याच्या भोवती पाणी तरी असते, आणि पंपाला वीज इतकी कमी लागते की तो घरच्या इन्व्हर्टरवर सहज राहतो. हा स्पंज नळाखाली धुणे हा आणखी एक घरोघरी होणारा अपराध आहे. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळावा, तो पांढराशुभ्र व्हायला नको असतो.

पंख खरोखर सडत आहेत का?

पंख खराब दिसण्याची कारणे निदान चार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पंखसड असेल तर कडा विरघळल्यासारखी आत सरकत जाते, तिला काळसर किंवा लालसर रेघ येते आणि हे काही दिवसांत, हळूहळू घडते. रात्रीत एखादा अर्धगोल तुकडा नाहीसा झाला, कड स्वच्छ आहे आणि रंग बदललेला नाही, तर माशाने स्वतःच आपली शेपटी चावली आहे. जड, पसरट शेपटीच्या जातींत हे पुष्कळ दिसते, कारण ते ओझे घेऊन पोहणे त्यांना कठीण जाते. तिथे औषधाचे काम नाही. फिल्टरचा प्रवाह मंद करावा, आडोसा व टेकायला पाने द्यावीत आणि आरसा किंवा शेजारचा नर दिसत असेल तर तो झाकावा. एकच सरळ चीर असेल तर ती प्लास्टिकच्या झाडाची किंवा टोकदार दगडाची असते. जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून ती वस्तू फिरवून पाहावी, धागा ओढला गेला तर पंखही फाटणारच.

चौथे कारण असे की तो आजार नसून बरे होणे असते, आणि येथे मी स्वतः चुकलो आहे. पंख नव्याने फुटताना कडेला पातळ, रंगहीन, कधी पांढुरका पडदा येतो. तो मला बुरशी वाटला आणि बऱ्या होत चाललेल्या माशाला मी पुन्हा आठ दिवस औषधात ठेवले. कापसासारखा फुगीर पुंजका ही बुरशी, आणि काचेसारखा सपाट पारदर्शक पडदा हा नवा पंख. रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले की आठवड्याने संशय राहत नाही.

पंखसड निश्चित झाली आणि पाण्याचे आकडे सुधारूनही चार-पाच दिवसांत ती थांबली नाही, तर मीठ वापरावे. आयोडीन व इतर काही न मिसळलेले साधे खडे मीठ चालते. सुरुवात लिटरला एक ग्रॅमने करावी आणि गरज पडल्यास दोन-तीन दिवसांत तीन ग्रॅमपर्यंत जावे. चहाचा सपाट चमचा साधारण सहा ग्रॅमचा असतो, पण स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा अधिक विश्वासाचा. मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडे थोडे घालावे आणि दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. मीठ उडून जात नाही, हे वारंवार विसरले जाते. पाच लिटर पाणी बदलले तर पाच लिटरपुरतेच मीठ पुन्हा घालायचे आणि उडालेल्या पाण्याच्या बदली घातलेल्या पाण्यात मुळीच घालायचे नाही.

मात्रा काढण्यासाठी टाकीत खरोखर किती लिटर पाणी आहे ते माहीत असावे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागावे. ३० गुणिले २० गुणिले १८ म्हणजे १०.८ लिटर, त्यातून खड्यांची जागा वजा केली की नऊच्या आसपास उरते. दुकानात ‘बारा लिटरची टाकी’ म्हणून घेतलेल्या टाकीला बारा लिटरची मात्रा देणे म्हणजे माशाला तिसऱ्या हिश्श्याने अधिक औषध देणे होय.

सड पंखाच्या मुळापर्यंत पोहोचली, अंगावर लाल व्रण दिसले, तर प्रतिजैविकाशिवाय उपाय नाही आणि ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. आपल्याकडचे पशुवैद्य मुख्यतः गुरांचे असले तरी औषधाची मात्रा आणि धोका त्यांना कळतो. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या फोडून टाकीत टाकण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे औषध बांधून ठेवतात, त्यामुळे आमच्यासारख्या जड पाण्यात त्याचा मोठा भाग माशापर्यंत पोहोचतच नाही, फिल्टरचे नुकसान मात्र होते आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.

ऋतूप्रमाणे येणारे इतर आजार

दिवाळीनंतर, रात्री गारवा पडू लागला की पांढऱ्या ठिपक्यांचा आजार येतो. अंगावर व पंखांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात आणि मासा दगडांना अंग घासतो. हा परजीवी माशाच्या त्वचेखाली असताना औषध त्याला लागत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटून शेकडो पिल्ले पाण्यात सोडतो आणि ती पोहत असतानाच मारता येतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की उपचार थांबवणे हीच आजार उलटण्याची वाट आहे. ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवून एकूण किमान दहा ते चौदा दिवस पूर्ण करावेत. हीटरने तापमान दिवसाला एक-दोन अंश या गतीने ३० पर्यंत न्यावे, हवेचा पंप सुरू ठेवावा आणि सोबत मीठ द्यावे. एवढ्या उबेत परजीवीचे चक्र लवकर पुरे होते आणि त्याची वाढ खुंटते. आमच्याकडे वैशाखात हा आजार क्वचितच का दिसतो, त्याचे उत्तरही यातच आहे. या आजारात मात्र, सुरुवातीच्या सूचनेला अपवाद म्हणून, संपूर्ण टाकीवर उपचार करावा लागतो, कारण पिल्ले तिथेच असतात. मॅलाकाइट ग्रीन वापरायचेच झाले तर हातमोजे घालावेत, ते माणसालाही अपायकारक आहे.

सोनेरी धुळीचा आजार याहून घातक. अंगावर हळदीची बारीक भुकटी उडाल्यासारखी झाक येते, जी दिवसाच्या उजेडात दिसत नाही. अंधार करून बाजूने टॉर्च मारावा. पंख अंगाला मिटलेले आणि श्वास जलद असेल तर वाट पाहू नये. हा परजीवी काही अंशी प्रकाशावर जगतो, म्हणून टाकी कापडाने झाकून अंधारात ठेवावी आणि ताम्रयुक्त औषध बाटलीवरील मात्रेतच द्यावे. टाकीत गोगलगायी किंवा झिंगे असतील तर ते आधी बाहेर काढावेत, तांबे त्यांना मारते.

भर उन्हाळ्यात तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा करडा-पांढरा थर येऊन दोन दिवसांत मासा खालावतो, तेव्हा बहुतेक जण बुरशी समजून निळे औषध देतात. ही बहुधा बुरशी नसून जिवाणूंची बाधा असते आणि ती उष्णतेत भडकते. येथे तापमान वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. पंखा आणि ओले फडके वापरून पाणी जमेल तेवढे २४-२५ अंशांकडे आणावे, मीठ द्यावे आणि प्रतिजैविकासाठी त्याच दिवशी पशुवैद्याला गाठावे. दोन्ही पांढऱ्या आजारांचा उपचार तापमानाच्या बाबतीत परस्परविरुद्ध आहे, म्हणून ठिपके आहेत की थर आहे, एवढे भिंगाने पाहूनच हीटरला हात लावावा.

पोट फुगून मासा तिरका पोहत असेल तर प्रथम दोन-तीन दिवस उपास द्यावा. बेट्टा कीटक खाणारा मासा आहे, त्याला मटार भरवण्याचा सल्ला मला पटत नाही. उपासानंतर डाफ्निया (पाण्यातले पिसवांएवढे बारीक जीव) मिळाल्यास उत्तम. रोजचे खाणे सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे पुरे, आणि कोरडे दाणे टाकण्याआधी थेंबभर पाण्यात भिजवावेत. गटारात वाढलेले जिवंत लाल किडे स्वस्त मिळतात, पण त्यांच्यासोबत काय येईल याची शाश्वती नाही.

पोट फुगलेले असतानाच खवले उभे राहून वरून पाहता मासा सीताफळासारखा दिसू लागला, तर तो अपचनाचा प्रकार नाही. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात पाणी सतत मुरत असते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. ती निकामी झाली की पाणी आतच साठते. याला साधे मीठ देऊ नये. वेगळ्या डब्यात चार लिटर पाण्याला एक चमचा एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवून रोज दहा-पंधरा मिनिटांचे स्नान द्यावे. सूज थोडी उतरते, तथापि खवले उभे राहिलेले मासे फार थोडे वाचतात, हे पाळणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले बरे. मी तीन माशांवर हे करून पाहिले आणि एक वाचला.

मासा खात-पीत असूनही आठवड्यांमागून आठवडे खंगत जाणे, पाठीचा कणा वाकणे, न भरणारे व्रण, ही लक्षणे एकत्र दिसली तर मायकोबॅक्टेरियाचा, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जिवाणूचा, संशय घ्यावा. हा जंतू माणसाच्या जखमेतून त्वचेत शिरू शकतो. बोटाला काप असताना टाकीत हात घालू नये, पाणी तोंडाने नळी ओढून काढू नये आणि लहान मुलांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत. माशाचे सरासरी आयुष्य तीन वर्षांच्या आसपास असते आणि दुकानातून येतो तेव्हाच त्याचे सहा महिने ते वर्ष सरलेले असते, म्हणून अडीच वर्षे सांभाळलेला मासा मंदावला तर प्रत्येक वेळी आजारच शोधू नये.

उपचाराच्या डब्यात परसातल्या किंवा शाळेच्या आवारातल्या देशी बदामाचे वाळून गळालेले एक पान धुऊन टाकावे. त्याचा अर्क पाणी चहासारखे करतो, सौम्य जंतुरोधक असतो आणि काळोखी पाण्यात मासा शांत राहतो. जड पाण्यात त्याने पीएच फारसा उतरत नाही, त्यामुळे त्याला औषध समजू नये, पण मी ते प्रत्येक आजारात वापरतो. रस्त्याकडेच्या, फवारणी होणाऱ्या झाडांची पाने घेऊ नयेत.

मासा गेला तर त्याच टाकीत दुसऱ्या दिवशी नवा मासा सोडू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा सोनेरी धुळीचा आजार असेल तर टाकी, खडे आणि जाळी पूर्ण रिकामी करून आमच्या उन्हात चार दिवस कडकडीत वाळवावी, कोरडेपणात हे परजीवी टिकत नाहीत. खंगण्याचा आजार असेल तर उन्हावर विसंबू नये, स्पंज आणि खडे टाकून द्यावेत. नंतर मुरवलेले पाणी भरून फिल्टर सुरू करावा आणि जिवाणूंना खाद्य म्हणून रोज चिमूटभर दाणे टाकत राहावे. अमोनिया आधी वर जाईल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही खाली येतील. सलग सात दिवस दोन्ही शून्य भरले आणि पहाटे पाचच्या व दुपारी तीनच्या तापमानात दोन अंशांहून कमी फरक राहिला, की मग नव्या माशासाठी दुकानात जावे.